नाशिकमध्ये फोटोग्राफी करतो, स्वस्तात पोर्टफोलिओ वेबसाइट कशी बनवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे, तुम्ही तीन वर्षांपासून लग्नं आणि प्रीवेडिंग करताय, इन्स्टाग्राम बरं चाललंय, वेबसाइटचे एकाने २५ हजार सांगितलेत आणि तेवढे घालवायची तयारी नाही. घालवूही नका. वर्षाला साधारण हजार रुपयांत काम होतं, आणि तेही फक्त नावाचे, म्हणजे डोमेनचे.

नावापासूनच सुरू करते, कारण माझी फजिती तिथेच झाली. मी इंदिरानगरला राहते, लग्नं आणि लहान मुलांचे फोटो करते. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाकडून साइट करून घेतली. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या वर्षी तुळशीची लग्नं लागली, सिझन सुरू झाला आणि साइट बंद. डोमेन त्याच्या नावावर, त्याच्याच ई-मेलवर. तो नोकरी लागून बाहेरगावी गेलेला, रिन्यूअलचे मेल त्याला येत होते आणि तो ते उघडत नव्हता. नाव गेलं ते गेलंच. व्हिजिटिंग कार्ड, अल्बमचं मागचं पान, गाडीची काच, सगळीकडे तेच छापलेलं. काचेवरचं स्टिकर खरवडायला मला अख्खी दुपार लागली.

म्हणून साइट कोणीही बनवू दे, डोमेन तुम्ही स्वतः घ्या, स्वतःच्या ई-मेलवर आणि मोबाइल नंबरवर. नावाच्या शेवटी डॉट इन असलं तरी पुरे. पहिल्या वर्षाचा सवलतीचा भाव बघून भुलू नका, शेजारी बारीक अक्षरात रिन्यूअलचा भाव असतो तो बघा. आणि नाव ठरवलं की आधी मावशीला फोनवर सांगून बघा. स्पेलिंग दोनदा सांगावं लागलं तर दुसरं शोधा. देवनागरीत डॉट भारत असंही डोमेन मिळतं, हौस म्हणून छान आहे, पण पार्टी टाइप करताना कीबोर्ड बदलत बसत नाही.

आता साइट ठेवायची कुठे. तुम्ही लाइटरूमसाठी, म्हणजे फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरसाठी, ॲडोबीचा फोटोग्राफी प्लॅन भरत असाल तर साइट बनवायचं ॲडोबी पोर्टफोलिओ त्यातच येतं, वेगळे पैसे नाहीत, स्वतःचं डोमेनही जोडता येतं. हे कितीतरी जणांना माहीतच नसतं, दर महिन्याला पैसे जात असतात आणि हे पडून असतं. तो प्लॅन नसेल तर गूगल साइट्स फुकट आहे. दिसायला साधी, गॅलरीवर फारसा ताबा राहत नाही, पण एका रविवारात उभी राहते.

मी तिसरा रस्ता घेतला. एचटीएमएल फाइव्ह अप नावाच्या साइटवर फुकट टेम्प्लेट मिळतात, त्यात फोटो गॅलरीचेही आहेत. अट एकच, खाली त्यांचं श्रेय ठेवायचं. मी एक उतरवून घेतलं, त्यातले फोटो आणि मजकूर बदलला आणि सगळा फोल्डर क्लाउडफ्लेअर पेजेसवर टाकला. तिथे होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, फुकट, कुलपाचं चिन्ह दाखवणारं सुरक्षित कनेक्शनही फुकट. कोडिंग येत नव्हतं, आजही येत नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडून इंग्रजी वाक्यांच्या जागी आपली वाक्यं लिहायची, एवढंच. एकदा एक कंस चुकून खोडला तर अख्खं पान कोरं झालं, तेव्हापासून मूळ फाइलची कॉपी बाजूला ठेवते. साइट बनवायचं वर्डप्रेस वाईट नाही, पण होस्टिंगचे पैसे, प्लगइनचे म्हणजे जोड-प्रोग्रामचे अपडेट, मध्येच हॅक होणं, तीस फोटोंसाठी एवढा संसार कशाला?

खरी मेहनत फोटोंच्या वजनात आहे. हे मला पिंपळगाव बसवंतला कळलं. मुलीचे वडील द्राक्षबागायतदार, बागेच्या कडेला खाटेवर बसलेले. मी म्हटलं, काका, माझी साइट बघा ना. त्यांनी खिशातून फोन काढला, काचेला तडा गेलेला. साइट उघडली. गोल फिरतंय, फिरतंय. वरून फोटोची एक पट्टी उतरली, नवरीचं कपाळ आणि मुंडावळ्या, पुढे काही येईना. काकांनी फोन उन्हातून सावलीत धरला, जणू त्याने फरक पडणार होता. मग म्हणाले, "ताई, रात्री घरी वायफायवर बघतो." ती ऑर्डर दुसरीकडे गेली.

मी काय केलं होतं? कॅमेऱ्यातून आलेले २४ मेगापिक्सेलचे, ६००० बाय ४००० चे फोटो एडिट करून तसेच चढवले होते. एकेक फोटो आठ-दहा एमबीचा. आता एक्सपोर्ट करताना लांब बाजू २००० पिक्सेल आणि क्वालिटी ७५ ठेवते, फोटो तीन-चारशे केबीत बसतो. तीस फोटो मिळून दहा-बारा एमबी. पूर्वी ते तीनशेच्या घरात होते. गॅलरीत लेझी लोडिंग असेल तर उत्तमच, म्हणजे माणूस जसजसा खाली जाईल तसतसे फोटो उतरतात. मोठी फाइल नेटवर नसली म्हणजे कोणी उचलून फ्लेक्सवर छापायची भीतीही कमी.

एक्सपोर्टच्या त्याच खिडकीत कलर स्पेस, म्हणजे रंग नोंदवायची पद्धत, असते, तिथे एसआरजीबी निवडा. मी ॲडोबी आरजीबीमध्ये दिलेला येवल्याच्या पैठणीचा एक फोटो कितीतरी फोनवर असा विटका दिसत होता की साडी दहा वेळा धुतलीय वाटावं. आणि खाली मेटाडेटामध्ये, म्हणजे फोटोसोबत लपून जाणाऱ्या माहितीत, लोकेशन काढून टाका. लोकांच्या घरातल्या बारशाच्या फोटोत त्यांच्या दाराचा पत्ता जायला नको. नांदूरमधमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढत असाल तर घरट्यांचं लोकेशन मुळीच देऊ नका.

फोटो किती? तीस. फार तर चाळीस. मला निवडता येईना तेव्हा लॅबमधून दोनशे छोट्या प्रिंट काढून आणल्या आणि हॉलमध्ये फरशीवर मांडल्या. आई स्वयंपाकघरात जाता जाता थबकली आणि म्हणाली, "हे एवढे सगळे एकाच लग्नातले का गं?" सात लग्नं होती! तेच ड्रोनचं वरून, तोच धूर, तीच मागून पडणारी लाइट. तिने कमरेवर हात ठेवून सहा-सात उचलले. एकात अंतरपाट धरणाऱ्या दोघांपैकी एक मामा जांभई देतोय. तो मी टाकलाच नसता. आज ताया-मावश्या त्यावर थांबतात.

तुमच्याकडे रामकुंडाचे, साधूंचे फोटो असतील, सिंहस्थात अजून भर पडेल. ते वेगळ्या पानावर ठेवा. लग्न ठरवायला आलेल्या माणसाला ते नको असतात, आणि बाहेरून येणाऱ्या मासिकवाल्यांना लग्नं नको असतात. अंबड-सातपूरच्या कंपन्यांचं प्रॉडक्टचं काम हवं असेल तर तिसरं पान. तिथल्या पर्चेसच्या साहेबांना इन्स्टाग्रामची लिंक पाठवून उपयोग नाही, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बऱ्याचदा ते बंदच असतं. वेबसाइट लागते ती खरी अशांसाठी. शेजारपाजारची लग्नं तुम्हाला तोंडी प्रसिद्धीवरच मिळणार.

प्रत्येक फोटोखाली गाव लिहा: आडगावचं लॉन, देवळालीतला बंगला, त्र्यंबकचा रस्ता. कोणी गूगलवर नाशिकचा फोटोग्राफर शोधतं तेव्हा गूगलला या शब्दांचा आधार असतो. शिवाय गूगलवर व्यवसायाचं प्रोफाइल फुकट काढता येतं, वडिलांच्या स्टुडिओचा पत्ता तिथे आधीच लागलेला असेल तर त्यालाच साइट जोडा. संपर्काला फॉर्म ठेवू नका, कोणी भरत नाही. व्हॉट्सॲप थेट उघडणारं बटण लावा.

एक गोष्ट बहुतेकांच्या गावीच नसते. कॉपीराइट कायदा, १९५७, त्यातलं कलम १७. पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला आणि वेगळा करार नसेल तर त्या फोटोचा पहिला मालक तो सांगणारा, आपण नव्हे. म्हणजे लग्नाचे फोटो परवानगीशिवाय साइटवर टाकायचा हक्क आपल्याला आपोआप मिळत नाही. माझ्या एका नवरीने स्पष्ट सांगितलं होतं, "चेहरा नको, हात चालतील." तिचे मेंदीचे हात साइटवर आहेत, बाकी काही नाही. बुकिंगच्या कागदावर मी आता हे वाक्य छापून घेते आणि खाली दोघांच्याही सह्या घेते, हवं तर जसंच्या तसं उचला: "या कार्यक्रमातले निवडक फोटो फोटोग्राफरने स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून वेबसाइटवर दाखवायला आमची हरकत आहे / नाही. जे दाखवू नयेत ते आम्ही अल्बम घेताना सांगू."