कोलॅजेन पक्कं करणारा एन्झाइम: वाचकांचे प्रश्न

क जीवनसत्त्व कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं. म्हणजे कोलॅजेन त्याच्यापासूनच बनतं का? (नौपाडा, ठाणे)

नाही. कोलॅजेन म्हणजे हिरड्या, त्वचा, हाडं बांधून ठेवणारं प्रथिन. त्याच्या साखळीत दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसीन असतं. त्याच्या लगेच आधी प्रोलीन असेल, तर प्रोलिल ४-हायड्रॉक्सिलेज हा एन्झाइम त्यावर हवेतल्या ऑक्सिजनचा एक अणू बसवतो. हे झालं तर तीन साखळ्यांचा पीळ सुमारे ३९ अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो, नाहीतर २४ अंशांच्या आसपासच सुटतो. शरीराचं तापमान ३७, म्हणून हा फरक जिवावरचा आहे.

काम करतं ते एन्झाइममधलं फेरस (दोन धनभारांचं) लोह. अधूनमधून ते प्रोलीनशिवायच २-ऑक्सोग्लुटारेट (क्रियेत सोबत लागणारा रेणू) तोडतं आणि ऑक्सिडाइज होऊन अडकतं. क जीवनसत्त्व त्याला पुन्हा कामाला लावतं.

मग कोलॅजेनची पावडर घ्यावी का? (नेरुळ)

पावडरीतलं हायड्रॉक्सिप्रोलीन (ऑक्सिजन बसवलेलं प्रोलीन) नव्या साखळीत बसत नाही, कारण त्याच्यासाठी टी-आरएनए (अमिनो आम्ल साखळीपर्यंत आणणारा रेणू) नाही. पेशी साधं प्रोलीन आधी जोडते, मग बदलते. पेरू खा: १०० ग्रॅममध्ये साधारण २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळतं.

ई. कोलाय जिवाणूत या एन्झाइमचा अल्फा उपघटक बनवला, सगळा गाळात बसला. (एमएस्सी विद्यार्थिनी, ऐरोली)

एकटा अल्फा विरघळलेला राहत नाही. पूर्ण एन्झाइम दोन अल्फा, दोन बीटा असा सुमारे २४० किलोडाल्टनचा असतो, आणि बीटा म्हणजे प्रोटीन डायसल्फाइड आयसोमरेज (प्रथिनातले गंधकाचे बंध जुळवणारा एन्झाइम). दोन्ही एकत्र बनवा, तेही पेशीद्रव ऑक्सिडीकारक असलेल्या स्ट्रेनमध्ये, म्हणजे हे बंध तयार होतील. लोह अल्फामध्येच दोन हिस्टिडीन आणि एका अ‍ॅस्पार्टेटने धरलेलं असतं, त्यामुळे शुद्धीकरणात ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) आलं की ते निघून जातं.

शुद्ध एन्झाइम आहे, तरी क्रिया दिसत नाही. (संशोधक, घणसोली)

आधी लोहाचं द्रावण बघा. फेरस सल्फेट सामू ७.८ च्या बफरमध्ये काही मिनिटांत फेरिक (तीन धनभारांचं, इथे निरुपयोगी) होतं. ते रोज ताजं, किंचित आम्लयुक्त पाण्यात करा आणि शेवटी घाला. फॉस्फेट बफर टाळा, तो लोह खाली बसवतो. नेहमीचं प्रमाण: ट्रिस ५० मिलिमोलर, लोह ०.०५, अ‍ॅस्कॉर्बेट (क जीवनसत्त्व) २, २-ऑक्सोग्लुटारेट ०.१, डीटीटी (क्षपणकारक) ०.१ मिलिमोलर, अल्ब्युमिन २ मिलिग्रॅम व कॅटालेज ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. तापमान ३७ अंश.

कॅटालेज कधीच वगळू नका. लोह आणि अ‍ॅस्कॉर्बेट मिळून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. कॅटालेज ते मोडतो; नाही मोडलं, तर ते २-ऑक्सोग्लुटारेट आपोआप तोडतं, आणि क्रिया कार्बन डायऑक्साइडवरून मोजत असाल, तर तो सुटलेला वायू एन्झाइमच्या खात्यावर जमा होतो. म्हणून एन्झाइम नसलेली एक नळी आणि पेप्टाइड (ज्यातल्या प्रोलीनवर एन्झाइम काम करतो तो साखळीचा तुकडा) नसलेली एक नळी दर वेळी सोबत चालवा.