नवा गार्ड, हुकणारा शॉट आणि भरताची पैज

या महिन्यात खेळाच्या पानाला आलेल्या पत्रांत बास्केटबॉलची पत्रं जास्त आहेत आणि गंमत म्हणजे सगळी एकाच गोष्टीभोवती फिरतात, टीममध्ये नवीन आलेला गार्ड (म्हणजे बॉल पुढे घेऊन जाणारा खेळाडू), त्याचा न पडणारा शॉट आणि आता ह्याचं पुढे काय. म्हणून बाकीचे खेळ पुढच्या अंकात, आज फक्त हेच.

प्रश्न : सर, आम्ही चौघं भुसावळचे, रोज सकाळी ग्राउंडवर खेळतो आणि एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, जमेल तशी बघतो. २०२३ ला पोर्टलँडच्या टीमने स्कूट हेंडरसन या नव्या गार्डला घेतलं तेव्हापासून आमच्यात वाद चालू आहे. दोघं म्हणतात हा पोऱ्या काही चालत नाही भो, शॉटच नाही त्याला. दोघं म्हणतात थांबा जरा, लहान आहे अजून. मग पैज लागली, दुसऱ्या सीझनला सुधारला तर पहिल्या दोघांनी भरीत पार्टी द्यायची, नाही सुधारला तर दुसऱ्या दोघांनी. आता त्याचा थ्री (लांबून टाकायचा तीन पॉइंटचा शॉट) ३२.५ टक्क्यावरून ३५.४ वर गेला, पण मॅचमागे पॉइंट १४ वरून १२.७ वर आले. याला सुधारला म्हणायचं की नाही? थंडी पडली, मळ्यात वांगी आली, पार्टी अजून अडकलेली आहे.

उत्तर : पोरांनो, आधी तो कोणत्या परिस्थितीत आला ते बघा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमा नवे खेळाडू निवडतात तिथे, तिसरा नंबर, वय १९, आणि ज्या टीमला अकरा वर्षं डेमियन लिलार्ड या मोठ्या गार्डची सवय होती त्या टीममध्ये तो आला, आणि त्याची पहिली मॅच व्हायच्या आधीच लिलार्ड दुसऱ्या टीमला गेला. म्हणजे घरातला कर्ता माणूस गेला आणि धाकट्याच्या हातात किल्ल्या दिल्या असं झालं. त्या पहिल्या सीझनला त्याचे एकूण शॉट पडले ३८.५ टक्के. हा आकडा वाईटच आहे, त्याला चांगला म्हणायला मी जाणार नाही.

पण तुम्ही चौघंही थ्रीवरच भांडताय आणि मला वाटतं तिथेच चुकताय. हिशोब करून बघा. पहिल्या वर्षी तो मॅचला साधारण पाच थ्री टाकत होता आणि ६२ मॅच खेळला, म्हणजे तीनशेच्या आसपास शॉट झाले. ३२.५ आणि ३५.४ यात तीनशे शॉटमागे फरक पडतो नऊ बॉलचा. नऊ! अख्ख्या सीझनमध्ये नऊ बॉल रिंगला लागून आत पडले की बाहेर, एवढ्यावरून एका पोराला बाद म्हणायचं की हिरा म्हणायचं हे ठरत नसतं.

खरी अडचण आतल्या शॉटमध्ये होती. ३८.५ मधून थ्री बाजूला काढले तर त्याचे दोन पॉइंटवाले शॉट ४२ टक्क्यांच्या आसपास पडत होते, आणि त्या वर्षी लीगमध्ये तेच शॉट चोपन्नच्या आसपास पडत होते. हे अंतर केवढं मोठं आहे बघा. सव्वासहा फुटाचा पोरगा सात फुटी माणसांच्या अंगावर जातो, ते उभे राहतात, मग हा आठ-दहा फुटांवर थांबतो आणि पळता पळता घाईत शॉट टाकतो. त्याला हाताचा दोष म्हणत नाहीत. कुठे थांबायचं, कुठे पास द्यायचा, कोणत्या पायावर उडायचं ह्याची ती जाण असते आणि ती मॅच खेळूनच येते, पोर्टलँडच्या घरच्या मॅच तर हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेआठला लागतात, ऐन ड्युटीच्या टायमाला, त्यामुळे तुम्ही बहुतेक हायलाइटच बघत असणार आणि हायलाइटमध्ये ही गोष्ट दिसतच नाही.

आणि हात बरा आहे हे कशावरून? फ्री थ्रोवरून, म्हणजे फाउल झाल्यावर मिळतो त्या शॉटवरून. समोर कोणी नाही, घाई नाही, फक्त तू, बॉल आणि रिंग. तिथे तो पहिल्याच वर्षी ८१.९ टक्के होता. ज्याचा फ्री थ्रो पडतो त्याचा लांबचा शॉट आज ना उद्या पडायची आशा असते, म्हणून मी नवीन गार्ड दिसला की आधी हाच रकाना बघतो.

राहिले पॉइंट. दुसऱ्या वर्षी तो जास्त करून बेंचवरून आला, मिनिटं कमी, शॉट कमी, मग पॉइंट कमी होणारच. एकूण शॉट मात्र ३८.५ वरून ४१.९ वर आले. पैज 'सुधारला तर' अशी होती ना? सुधारला. पहिल्या दोघांनी वांगी आणायची. तो मोठा खेळाडू होईल का ही वेगळी पैज आहे आणि ती मी आज लावणार नाही, तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीलाच तो हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या, दुखापतीने बाहेर बसला, त्या वयात बसून काढलेले महिने फार महाग पडतात.

प्रश्न : फ्री थ्रो चांगला तर शॉट येतोच असं तुम्ही मागच्या एका अंकात पण लिहिलं होतं. मग किलियन हेजचं काय झालं? आणि टीमवाले नव्या पोराला किती दिवस सांभाळतात? – जळगावहून एक वाचक

उत्तर : बरोबर पकडलंत. 'येतोच' हा शब्द माझा चुकला, 'यायची आशा असते' असं पाहिजे होतं. हेज २०२० ला सातव्या नंबरला डिट्रॉइटने घेतला, फ्रान्स आणि जर्मनीत खेळून आलेला, पास देण्यात हुशार, डिफेन्स चांगला, पहिल्या वर्षी फ्री थ्रो ८० च्या पुढे. आणि तरी डिट्रॉइटमध्ये एकाही सीझनला त्याचा थ्री ३० टक्क्याच्या वर गेला नाही. चौथ्या सीझनच्या मध्ये, फेब्रुवारी २०२४ ला, त्याला सोडून दिलं. मला त्या पोराचं खूप वाईट वाटलं होतं, कारण बाकी सगळं होतं त्याच्याकडे. पण समोरचा माणूस तुला मोकळा सोडून मागे उभा राहायला लागला की तुझा पास पण जात नाही, गार्डचं हे असंच आहे.

त्याच ड्राफ्टमध्ये २१ व्या नंबरला टायरीस मॅक्सी होता. पहिल्या वर्षी थ्री ३०.१ टक्के, दुसऱ्या वर्षी ४२.७. एकच ड्राफ्ट, दोघं गार्ड, दोघांचा पहिल्या वर्षीचा थ्री सारखाच वाईट! पहिल्या सीझनचा कागद समोर ठेवून ह्यातला कोण राहील आणि कोण जाईल हे कोणी छातीठोक सांगितलं असतं असं मला वाटत नाही.

उलटं उदाहरण लोन्झो बॉलचं. २०१७ ला दुसरा नंबर, लेकर्स, पहिल्या वर्षी थ्री ३०.५ आणि फ्री थ्रो फक्त ४५.१. म्हणजे माझ्या नियमाने हा गेलेला केस. बॉल डोक्याच्या डाव्या बाजूला नेऊन तिथून टाकायचा. त्याने तो शॉट पूर्ण मोडला आणि परत बांधला, आणि शिकागोला २०२१-२२ ला ४२.३ टक्क्यावर नेला. मग गुडघ्याने दगा दिला आणि पुढचे दोन सीझन अख्खे गेले ते वेगळं. पण शॉट बांधता येतो हे त्याने दाखवलं, आणि ते वर्षांचं काम आहे हे पण दाखवलं.

आता किती दिवस सांभाळतात. पहिल्या राउंडच्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो पण पक्की दोनच वर्षं, तिसरं आणि चौथं टीमच्या मर्जीवर. आणि तिसऱ्या वर्षाचं हो की नाही टीमला पहिला सीझन संपल्यावर येणाऱ्या ३१ ऑक्टोबरपर्यंत सांगावं लागतं, म्हणजे दुसरा सीझन नुकताच लागलेला असतो. वर ज्या टॉपच्या पोरांची नावं घेतली त्यांचं ते वर्ष सहसा घेतातच, पण विसाव्या पंचविसाव्या नंबरच्या पोराला खऱ्या अर्थाने एकच सीझन मिळतो. चॉन्सी बिलप्स तर तिसऱ्या नंबरचा होता, १९९७ चा, बोस्टनने ५१ मॅचमध्येच त्याला दुसरीकडे पाठवला. तो टीमा बदलत बदलत डिट्रॉइटला पोचला आणि २००४ च्या फायनलचा सर्वोत्तम खेळाडू झाला. बोस्टनला ५१ मॅचची घाई केवढ्याला पडली बघा.

प्रश्न : जिभाऊ, शॉट नसलेला गार्ड मोठा झाल्याचं एक तरी नाव सांगा, आमच्या धुळ्यात कोणी मानायलाच तयार नाही.

उत्तर : जेसन किड. १९९४-९५ ला पहिल्या वर्षी थ्री २७.२ टक्के. त्याच्या इंग्रजी नावातला 'जे' काढून लोक त्याला चिडवायचे, कारण 'जे' म्हणजे जंप शॉट आणि तोच ह्याच्याकडे नाही. पण पास, रिबाउंड (हुकलेला बॉल पकडणं), डिफेन्स इतका की त्याच वर्षी ग्रँट हिलसोबत सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. आणि शॉट सोडला नाही त्याने, २०१३ ला रिटायर झाला तेव्हा एनबीएच्या इतिहासात सगळ्यात जास्त थ्री मारणाऱ्यांत तिसरा होता. धुळ्याच्या मंडळींना एवढं सांगा, की शॉट नसताना टीमने त्याला खेळवलं ते बाकीच्या कामांमुळे, आणि खेळत राहिला म्हणून शॉट आला.

प्रश्न : दादा, मी चोपड्याहून लिहितेय, मला खेळातलं काही कळत नाही. माझी लेक पंधरा वर्षांची आहे, यंदा शाळेच्या टीममध्ये पहिल्यांदा घेतलं, बॉल पुढे घेऊन जायचं काम तिच्याकडे आहे. पण तिचे बॉल रिंगमध्ये जातच नाहीत. दोन मॅच झाल्या, बाकीच्या मुली म्हणतात तू टाकूच नको. घरी येते आणि जेवत नाही. शॉटची पद्धत बदलायला सांगू का? ग्राउंडवर एकच बॉल आहे, मुलांचा, आणि रिंगला जाळी पण नाही.

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण मी पण गार्डच होतो आणि पहिल्याच वर्षी दोन मॅचमध्ये माझा एकही शॉट पडला नाही. बाकावरून आवाज आला, तू टाकू नको, नुसता पास दे. मी ऐकलं. तिसऱ्या मॅचला माझ्यासमोरची पोरं दोन पावलं मागे सरकली, हात पसरून उभी राहिली, आणि मग माझे पास पण अडायला लागले. म्हणून तिला पहिलं हे सांगा की मोकळी असशील तर टाकायचाच. हुकला तरी टाकायचा.

दुसरं, तो मुलांचा बॉल. त्याचा नंबर सात, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. मुलींचा बॉल सहा नंबरचा, साडेपाचशेच्या आसपास आणि घेराने लहान. पन्नास साठ ग्रॅम म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण पंधरा वर्षांच्या मनगटाला दिवसाला दोनशे वेळा तो उचलायचा असतो. जड बॉल वर जात नाही म्हणून पोरी तो छातीपासून ढकलतात, आणि ढकललेला बॉल सपाट जातो. तुमच्या लेकीचं हेच होत असणार असा माझा अंदाज आहे. जमलं तर आधी सहा नंबरचा बॉल घ्या, बूट नंतर.

सपाट बॉल आत का जात नाही ते घरात बघता येतं. जेवणाची ताटली हातात घ्या आणि वरून बघा, गोल दिसते. आता ती हळूहळू डोळ्याच्या लेव्हलला आणा, गोल चपटा होत होत नुसती काठ उरते. रिंगचं तसंच आहे. रिंग ४५ सेंटीमीटरची, तिचा बॉल २३ चा. वरून पडणाऱ्या बॉलला पूर्ण ४५ मिळतात. ४५ अंशातून आला तर जवळपास ३२. आणि ३० अंशातून आला तर साडेबावीस, म्हणजे बॉलपेक्षा अर्धा सेंटीमीटर कमी! तो काठाला लागणारच, कितीही नेम धरला तरी. हे तिला ताटली धरूनच दाखवा, माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी असंच दाखवतो आणि त्यांचे डोळे मोठे होतात.

पद्धत बदलायचं म्हणाल तर आता स्पर्धा चालू असताना अजिबात नाही. मॅचमध्ये ती आहे तशी टाकू दे. सकाळी मात्र, ऊन चढायच्या आत, रिंगपासून दीड मीटरवर उभं करा, एका हाताने, गुडघे वाकवून, बॉल रिंगच्या वर जाईल असा टाकायला सांगा. तिथून दहातले सात पडायला लागले की एक पाऊल मागे. लाइनपर्यंत, म्हणजे फ्री थ्रोपर्यंत, पोचायला दोन महिने लागले तर लागू देत. आणि एक वही करा. रोज पन्नास फ्री थ्रो, किती पडले तेवढाच आकडा तारखेसमोर लिहायचा, बाजूला शेरा काही नको. तुम्हाला खेळातलं कळत नाही हे इथे चांगलंच आहे, तुम्ही फक्त बॉल आणून द्यायचा आणि आकडा लिहायचा, मध्ये काही बोलायचं नाही.

जाळीचं मात्र ह्याच आठवड्यात करा. विकतची नसेल मिळत तर सुतळीची विणून बांधा, बारा गाठी लागतात. नुसत्या रिंगमधून बॉल गेला तर आत गेला की बाजूने गेला हे लांबून कळत नाही, आणि जाळीतून गेला की जो सर्रकन आवाज येतो तो तिला रोज दहा-वीस वेळा तरी ऐकू आला पाहिजे.