पळण्याने चरबी खरंच ‘अडकते’ का?

तुम्ही लिहिलंय की वजन ७२ किलो आहे, तीन महिने आठवड्यातून चार दिवस पाच-पाच किलोमीटर पळताय आणि काटा जेमतेम दीड किलो खाली आलाय. त्यात जिममधल्या प्रशिक्षकाने सांगितलं की पळण्याने कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं संप्रेरक) वाढतं, शरीर चरबी धरून ठेवतं, तेव्हा पळणं सोडा आणि फक्त वजनं उचला. पळणं सोडण्याआधी एक साधा गुणाकार करून बघा.

पळताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. वेगाने त्यात फारसा फरक पडत नाही. जोरात पळालात तर तेच अंतर लवकर संपतं, एवढंच. म्हणजे तुमचे पाच किलोमीटर झाले ३६०, आठवड्याचे १४४०. एक किलो चरबीमागे सुमारे ७७०० किलोकॅलरी धरतात. बारा आठवडे एकही खाडा न करता पळालात आणि खाणं कणभरही वाढलं नाही, तरी कागदावर सव्वादोन किलोच चरबी जाते. तुमचं दीड किलो उतरलंय. माझ्या मते हे चांगलं काम झालंय, आणि ते तुम्हाला अपयश वाटावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मनगटावरचं घड्याळ याहून मोठा आकडा दाखवत असेल, तर त्यावर जेवणाचा हिशेब बांधू नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशी सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरे मोजले, पण कॅलरीच्या बाबतीत सगळ्यात अचूक निघालेलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं.

आता कॉर्टिसॉल. दमवणारा व्यायाम करताना ते वाढतं, हे खरं. पण साठलेली ऊर्जा वापरासाठी मोकळी करणं हे त्याचं त्या वेळचं कामच आहे, आणि विश्रांती घेतली की ते उतरतं. कुशिंग सिंड्रोमसारख्या आजारात ते महिनोन्‌महिने चढलेलं राहतं आणि पोटावर चरबी साठते. अर्ध्या तासाच्या पळण्याशी त्याची तुलना होत नाही. पळायला लागल्यावर काटा अडतो किंवा उलटा चढतो, तो बहुतेकदा पाण्यामुळे. नव्या श्रमाने स्नायूंना बारीक सूज येते, शिवाय ते ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, जास्त साठवायला लागतात आणि त्याच्या दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. लोक घाबरतात ते नेमके याच आठवड्यांत.

पळणं खऱ्या अर्थाने आड येतं ते वेगळ्याच वाटेने, आणि ती वाट मी स्वतः चाललोय. चार वर्षांपूर्वी माझंही वजन असंच अडलं होतं. तीन आठवडे वहीत दोनच गोष्टी लिहिल्या: पळणं सोडून उरलेल्या दिवसात किती पावलं चाललो, आणि संध्याकाळी सहानंतर काय काय खाल्लं. पळण्याच्या दिवशी पावलं निम्म्यावर यायची. सकाळी दमलोय म्हणून लिफ्ट, दुपारी आडवं होणं, फोनवर बोलताना फेऱ्या मारायची सवय होती तीही बंद. रात्री दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं ताट पळण्याच्या दिवशीच दिसायचं. जोरात पळाल्यावर तासभर भूक लागत नाही, त्यामुळे आपण कमीच खातोय असं वाटत राहतं. ती भूक संध्याकाळी वसूल करते.

हे फक्त माझ्यापुरतं नाही. टांझानियातले हाड्झा लोक शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगतात, रोज मैलोन्‌मैल चालतात. मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजून २०१२ मध्ये मांडला. अंगकाठीचा हिशेब लावल्यावर तो बैठी कामं करणाऱ्या पाश्चात्त्य लोकांइतकाच निघाला. श्रम वाढले की शरीर दुसरीकडे काटकसर करतं. सगळा खर्च भरून काढतं असं नाही, पण कागदावरचा आकडा पूर्ण हाती लागत नाही तो यामुळेच.

म्हणून कॅलरींची तूट जेवणातून काढा, म्हणजे खर्चापेक्षा थोडं कमी खा, आणि पळणं चालू ठेवा. पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी अशा व्यायामाने काटा फारसा न हलताही कमी होते. बेंबीच्या पातळीवर टेपने घेर मोजून लिहून ठेवा, दर पंधरा दिवसांनी, सकाळी उठल्यावर. आणि उतरलेलं वजन टिकवण्यात व्यायामाचा वाटा मोठा दिसतो. अमेरिकेत १९९४ पासून, किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर तरी राखलेल्या लोकांची नोंदवही ठेवली जाते. त्यातले लोक सरासरी दिवसाला तासभर हालचाल करतात, बहुतेक जण चालून.

तुमच्या प्रशिक्षकाचं एक मात्र शंभर टक्के पटतं: वजनं उचला. कमी खाऊन नुसतं पळालात तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आठवड्यातून दोन दिवस पुरेत, आणि प्रथिनं शरीराच्या दर किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्यासाठी दिवसाला ११५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे वाढवू नका.

वेग कमी करा. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. हळू पळताना इंधनात चरबीचा वाटा जास्त असतो हे खरं, पण दिवसाअखेर ते बरोबरीत येतं, तेवढ्यासाठी मी सांगत नाहीये. हळू पळालात तर दुपारी आडवं व्हावं लागत नाही, हे माझं कारण.

गुडघ्याच्या दुखण्याचं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय, मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीवर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर येतो. चारपैकी दोन दिवस पळण्याऐवजी भरभर चाला. जिना उतरताना दुखत असेल तर आधी दाखवून घ्या, पळणं तोवर थांबू दे.