समुद्र दूर असला तरी चक्रीवादळाची तयारी

उत्तर कॅरोलायनाच्या पश्चिम भागात, समुद्रापासून सुमारे अडीचशे मैल आत, ओढ्याकाठच्या वसाहतीत राहताना घर सोडण्याची तयारी ठेवायला हवी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नक्कीच हवी. मात्र किनाऱ्यावरच्या लोकांची तयारी आपल्या उपयोगाची नाही, कारण तिथला धोका समुद्राच्या उधाणाचा असतो आणि आपला पावसाचा.

किनाऱ्यावर प्रशासनाने आधीच विभाग पाडलेले असतात आणि अमुक विभागाने निघावे असा आदेश येतो. उधाणासाठी आखलेल्या त्या नकाशांत आपले डोंगर नसतात, त्यामुळे निघण्याचा निर्णय बहुधा स्वतःलाच घ्यावा लागतो. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळले. पण आपल्याकडे त्याआधीच मुसळधार पाऊस होऊन जमीन पाणी प्यायची थांबली होती. त्यावर वादळाची ओली हवा डोंगरांना धडकून वर चढली, पुन्हा प्रचंड पाऊस झाला आणि आपल्या भागातल्या ॲशव्हिल शहराजवळ फ्रेंच ब्रॉड व स्वानानोआ या नद्यांनी १९१६ च्या महापुराची पातळी ओलांडली. २७ तारखेच्या सकाळी मी खिडकीतून पाहिले तेव्हा ओढ्यावरच्या छोट्या पुलाचा फक्त एक कठडा दिसत होता, आणि मोबाइलला नेटवर्क नव्हते. वसाहतीतून बाहेर पडायला तोच एक पूल होता.

म्हणून आपल्या वसाहतीत सर्वांत आधी हे पाहा की, बाहेर जाणारा रस्ता किती ठिकाणी पाणी ओलांडतो. असा एकही पूल लागत नसेल अशी वाट आणि उंचावरचे एखादे ओळखीचे घर आजच ठरवून ठेवा. अनेकदा एक-दोन मैल वर जाणे पुरते. मात्र तीव्र उताराच्या पायथ्याशी थांबू नका, कारण अशा पावसात चिखल-दगडांचे लोट तिथेच उतरतात. ज्यांचे घर उंचावर आणि भक्कम आहे त्यांनी निघूच नये, असेही माझे स्पष्ट मत आहे. २००५ साली रीटा वादळाच्या वेळी ह्यूस्टनमधून गरज नसलेलेही असंख्य लोक बाहेर पडले, रस्ते तुंबले, आणि उन्हात अडकून अनेकांनी जीव गमावला.

निघायचे कधी, हेही आधीच ठरवा. हवामान खात्याच्या सूचनांत ‘फ्लड वॉच’ म्हणजे पूर येण्याजोगी स्थिती आहे, आणि ‘फ्लॅश फ्लड वॉर्निंग’ म्हणजे पूर आला आहे किंवा कोणत्याही क्षणी येईल. ओढ्याकाठच्या घराने वॉर्निंगची वाट पाहू नये. वॉच असताना आणि मुख्य पाऊस रात्री अपेक्षित असताना उजेडातच निघावे. अंधारात रस्त्यावरच्या पाण्याची खोली कळत नाही, आणि बारा इंच वाहते पाणी बहुतेक छोट्या गाड्या वाहून नेऊ शकते. मोबाइलवर विसंबू नका; बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ आणि कागदी नकाशा घ्या.

घरीच थांबणाऱ्यांनी पाण्याचा हिशेब गांभीर्याने करावा. माणशी दिवसाला एक गॅलन हे प्रमाण ठीक आहे, पण तीन दिवसांचा साठा मला अपुरा वाटतो: हेलीननंतर ॲशव्हिलमध्ये नळाचे पाणी पिण्यायोग्य जाहीर व्हायला १८ नोव्हेंबर उजाडला. बाथटब आदल्या दिवशी भरून ठेवला, तर निदान शौचालयात बादलीने पाणी ओतता येते. जनरेटर घरापासून किमान वीस फूट दूर ठेवा. गॅरेजचे दार उघडे असले तरी त्याचा विषारी वायू घरात शिरतो.

शेवटी विम्याबद्दल. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरत नाहीत. केंद्र सरकारच्या योजनेतील पूरविमा साधारणपणे घेतल्यानंतर तीस दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाची बातमी आल्यावर घेतलेला त्या वादळासाठी उपयोगी पडत नाही. चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो, त्यामुळे अर्ज एप्रिलअखेर करून टाका.