पट्टी बदलता येत नाही तेव्हा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. 'सोप्रानोची गाणी आता बाजूला ठेव, मेझो म्हणून गाऊन बघ' (म्हणजे बायकांचा सर्वांत उंच आवाज सोडून त्याखालचा) असं ऑपेरा शिकवणाऱ्या नव्या बाईंनी सांगितल्यापासून तू रियाजालाच बसलेली नाहीस, हे वाचून फार वाईट वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी व्यवहाराचं. सकाळी आवाज घोगरा येत असेल, वरच्या सुरांना घसा दुखत असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. ते झाल्याशिवाय काहीही ठरवू नकोस. तपासणीत काही निघालं नाही, तर पुढचं सगळं तुझ्यासाठी आहे.

तू वाढलीस आपल्या गाण्यात. आपल्याकडे षड्ज गाणाऱ्याचा स्वतःचा असतो. काळी पाचमध्ये गाणारी बाई वय वाढलं की काळी चार, काळी तीनवर येते, तंबोरे उतरवून लावते, आणि यमन यमनच राहतो. कुणी तिला 'आता तू वेगळी गायिका झालीस' म्हणत नाही. ऑपेरात, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकात, ही सोय जवळजवळ नाहीच. संगीतकाराने जो सूर कागदावर लिहिला, तोच अख्खा वाद्यवृंद वाजवणार. पट्टी हलत नाही, म्हणून भूमिका बदलावी लागते. तुला हे कुणी नीट समजावलं नसावं, त्यामुळे वर्गातून काढून टाकल्यासारखं वाटलं. ती हकालपट्टी नाही गं. त्या कलेत आवाजाबरोबर चालायची तीच रीत आहे.

रेजीन क्रेस्पँ या फ्रेंच ऑपेरा-गायिकेचं नाव तू ऐकलं असशील. १९२७ साली मार्सेयमध्ये जन्म, बालपण नीममध्ये, आईवडिलांचं चपला-बुटांचं दुकान. तिला फार्मसिस्ट व्हायचं होतं. परीक्षेत नापास झाली आणि गाण्याकडे वळली. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटवारमध्ये, म्हणजे संगीत महाविद्यालयात, शिकली आणि १९५० मध्ये मुलूजला जर्मन संगीतकार वाग्नरच्या 'लोहेनग्रिन'मधल्या एल्साच्या भूमिकेत उभी राहिली. पुढच्याच वर्षी पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर पोहोचली, पण तिथे लगेच बस्तान बसलं नाही. मग काही वर्षं फ्रान्सच्या प्रांतांमधल्या थिएटरांत गात राहिली. हा काळ तिच्या चरित्रात दोन ओळींत उरकतात, आणि मला तोच फार मोलाचा वाटतो. त्या काळी अशा थिएटरांत वाग्नर-व्हेर्दीसुद्धा फ्रेंचमध्ये गायचे. समोर बसलेल्या माणसाला शब्द न् शब्द कळायचा, त्यामुळे शब्द गिळून नुसता सूर फेकायची मुभाच नव्हती. क्रेस्पँचे उच्चार पुढे जगभर वाखाणले गेले. ते तिथेच घडले, असं मी मानते.

१९५८ मध्ये वाग्नरचा नातू वीलांड वाग्नर याने तिला बायरॉइटला 'पार्सिफाल'मधल्या कुंड्रीसाठी बोलावलं. फ्रेंच बाईने वाग्नरच्या घरच्या रंगमंचावर जर्मनमधून कुंड्री गायची! ही भूमिका सोप्रानोही गातात, मेझोही गातात. म्हणजे ज्या सीमारेषेवर उभं राहून तू रडतेस, त्याच रेषेवर तिने ऐन उमेदीत नाव काढलं.

पुढे १९६२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तिचं पदार्पण झालं, श्ट्राउसच्या 'रोझेनकावालिअर'मधली मार्शालिन म्हणून. दिग्दर्शन लोटे लेमानचं. लेमान स्वतः त्या भूमिकेसाठी गाजलेली गायिका. पहिल्या अंकाच्या शेवटी मार्शालिन काळाविषयी बोलते. कधी कधी मध्यरात्री उठून घरातली सगळी घड्याळं बंद करते, असं ती सांगते. क्रेस्पँच्या ध्वनिमुद्रणात ही जागा ऐक. बाई आवाज वाढवत नाही, रडत नाही, हळहळत नाही. साधं सांगते.

त्यानंतर मोठ्या भूमिकांचा धडाका लागला. वाद्यवृंद-संचालक शोल्टीने केलेल्या वाग्नरच्या 'वाल्क्यूरे'च्या १९६५ च्या ध्वनिमुद्रणात ती झीगलिंड आहे, आणि दुसरा नामवंत संचालक कारायान याच्याबरोबर १९६७ मध्ये साल्झबुर्गला त्याच ऑपेरात ब्रुनहिल्ड. मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आवाजही अडला आणि आयुष्यही. तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली, जगप्रसिद्ध. तरीही जर्मनीतल्या एका शिक्षकाकडे जाऊन तिने आवाजाची बांधणी पुन्हा पायापासून केली. आणि परत आली ती मेझोच्या भूमिका घेऊन. १९७५ मध्ये मेट्रोपॉलिटनला कार्मेन गायली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. फ्रेंच संगीतकार पुलांकचा 'कार्मेलाइट्सचे संवाद' हा ऑपेरा फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनखाली गेलेल्या काँपियेनच्या सोळा जोगिणींवर आहे. १९५७ च्या जूनमध्ये पॅरिसला तो पहिल्यांदा फ्रेंचमधून झाला, तेव्हा क्रेस्पँ तिशीची होती. तिची भूमिका मठाच्या नव्या मुख्य जोगिणीची, मादाम लिदवानची. ही सोप्रानोची भूमिका. तुरुंगातल्या पहिल्या रात्रीनंतर लिदवान सगळ्या जोगिणींना धीर देते. लांब, वर चढत जाणारे, उबदार सूर. वीस वर्षांनी, १९७७ मध्ये, मेट्रोपॉलिटनने हाच ऑपेरा इंग्रजीतून केला. लिदवान होती शर्ली व्हेरेट. क्रेस्पँ होती मादाम द क्रवासी, म्हणजे आधीची मुख्य जोगीण, जी पहिल्या अंकाच्या शेवटी बिछान्यात तडफडून मरते. आयुष्यभर मरणाचं चिंतन केलेली बाई मरण समोर आल्यावर घाबरते, देवालाच जाब विचारते. ही भूमिका खालच्या, जड आवाजाची. त्यात सूर तुटतात, अर्धे बोलले जातात, श्वास मध्येच संपतो. गोड आवाजाच्या तरुण सोप्रानोला ती पेलणार नाही. त्यासाठी आवाजाने बरंच काही सोसलेलं असावं लागतं. १९८७ मध्येही क्रेस्पँ मेट्रोपॉलिटनला हीच भूमिका करत होती. त्याचं चित्रीकरण आहे, मिळवून बघ.

एकाच ऑपेरात आधी धीर देणारी, मग धीर सुटलेली. क्रवासी मेल्यावर पुढच्या अंकांत दुसरी कुणी आपले जुने सूर गातेय हे तिला पडद्यामागे ऐकू येत असेल. हा विचार मनात आला की माझ्या अंगावर काटा येतो.

तू म्हणशील, ती पन्नाशीची होती, मी चोवीस वर्षांची आहे. अगदी खरं. म्हणूनच सांगते, चोविसाव्या वर्षी कुणाचाही निवाडा शेवटचा नसतो. भारी आवाज स्थिरावायला तिशी उजाडते. बाईंनी आज मेझो म्हटलं, चार वर्षांनी त्याच वेगळं म्हणतील. तोवर वरच्या सुरांवर घसा खरवडू नकोस. मधल्या सप्तकात तुझा आवाज जिथे आपोआप भरतो, तिथे महिनोन्महिने राहा. तिथे शब्द स्वच्छ येऊ देत. हाती घेशील ते गाणं आधी नुसतं वाचून दाखव, मोठ्याने, भिंतीला नव्हे, समोर बसलेल्या माणसाला.

ऐकायचं म्हणशील तर १९६३ चं संचालक आन्सर्मेबरोबरचं क्रेस्पँचं ध्वनिमुद्रण घे. त्यात बेर्लिओझची 'उन्हाळ्यातल्या रात्री' आणि राव्हेलची 'शेहेराझाद' आहे, आणि दोन्ही गीतमाला सोप्रानोही गातात, मेझोही. 'शेहेराझाद'ची सुरुवातच 'आझी, आझी, आझी' अशी. आशिया हे एकच नाव तीनदा, आणि तीनही वेळा नाव घेण्याची तऱ्हा निराळी. पुढे त्याच गाण्यात इराण, हिंदुस्थान, चीन बघायची इच्छा येते. क्रेस्पँ हे सगळं जवळजवळ बोलल्यासारखं गाते, तरी सूर कुठे ढळत नाही. तिचा आवाज मेझो की सोप्रानो, हा प्रश्न त्या वेळी मला तरी आठवत नाही.

पुढच्या तासाला बाईंना दोन गोष्टी विचार. माझा आवाज कुठल्या सुरापासून कुठल्या सुरापर्यंत विनासायास चालतो? आणि त्या पट्ट्यात बसणारी फ्रेंच गीतं कुठली? उत्तर मला लिहून कळव. आणि फ्रेंचचा वर्ग सोडलास असं तुझी आई फोनवर म्हणाली, तो सोमवारपासून परत सुरू कर. फी मी भरते.

तुझी,
मावशी