शाळा दोन भाषांची, घर मराठी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो. माझे यजमान एका फ्रेंच कंपनीत अभियंता आहेत. ऑगस्ट २०२६ मध्ये त्यांची लंडनला तीन वर्षांसाठी बदली होत आहे. पुढे पॅरिसला जावे लागेल असे वरिष्ठ तोंडी सांगतात, पण लेखी काही नाही. मुलगी ऑक्टोबर २०१९ ची असून सध्या सीनियर केजीत आहे, मुलगा मार्च २०२३ चा आहे. लंडनमध्ये फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांतून शिकवणाऱ्या खासगी शाळा आहेत आणि कंपनी फीचा काही भाग देणार आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो, सोसायटीत मुले गुजराती बोलतात. इतक्या भाषांनी मुलांचा गोंधळ उडेल असे सासूबाईंचे म्हणणे आहे. अशा शाळेत घालावे का आणि निवडताना काय पाहावे?
एक वाचक भगिनी, बडोदे

उत्तर : सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे, परंतु आजीजवळ मराठीत हट्ट करणारे, पटांगणात गुजरातीत भांडणारे आणि शाळेत इंग्रजी कविता म्हणणारे मूल तुमच्या घरात आधीपासूनच आहे आणि त्याचा गोंधळ उडालेला नाही. भाषा किती, यापेक्षा एखादी भाषा पुरती रुजण्याआधीच तिच्यातून गणित आणि विज्ञान समजून घ्यावे लागते का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नवी भाषा बोलण्यापुरती मुले एक-दोन वर्षांत आत्मसात करतात, परंतु धडा वाचून त्यावर स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिण्याइतकी ती मुरायला पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, असे कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिले आहे. तुमचा मुक्काम तीन वर्षांचा आहे, म्हणून हा हिशेब तुम्ही विसरू नये.

शाळांच्या दिखाऊ माहितीपुस्तिका उघडण्याआधी पती-पत्नींनी बसून २०२९ साली मुले कुठे असतील याचा विचार करावा. पॅरिसला जाणे नक्की असेल तर फ्रेंच पायावर उभी असलेली शाळा सर्वांत सोयीची. लंडनमध्येच राहण्याची शक्यता अधिक असेल तर मुलांना पुढे इंग्रजी पद्धतीच्या माध्यमिक शाळेत जायचे आहे आणि तिथे फ्रेंच हा एक विषय असेल, एवढेच. बडोद्याला परतायचे ठरले तर फ्रेंच काही उपयोगी पडणार नाही, उलट गुजरातीकडे बघावे लागेल, कारण २०२३ मध्ये विधानसभेने केलेल्या कायद्यानुसार गुजरातमध्ये कोणत्याही मंडळाच्या शाळेत पहिली ते आठवी गुजराती शिकवणे सक्तीचे आहे. वरिष्ठांच्या तोंडी आश्वासनावर लाखो रुपयांची फी भरण्याआधी निदान एक ईमेल तरी मागून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता वयाचा हिशेब पाहू, कारण तुमच्या दोन मुलांच्या बाबतीत उत्तर एकच येत नाही. फ्रान्समध्ये वर्ग जन्माच्या इसवी सनावरून ठरतो, तर इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्ट ही सीमारेषा आहे. तुमची मुलगी येथे जून २०२६ मध्ये पहिलीत गेली असती. लंडनच्या सरकारी शाळेत ती सप्टेंबर २०२६ मध्ये थेट इयर टूमध्ये, म्हणजे दुसरीच्या वर्गात बसेल आणि फ्रेंच पद्धतीत सीई-वन या इयत्तेत, म्हणजे वाचायला शिकवण्याचे सीपी हे वर्ष संपल्यानंतरच्या वर्गात. तिच्या वर्गमित्रांनी फ्रेंच वाचन वर्षभर गिरवलेले असेल आणि तिला फ्रेंच शब्दही कानांवरून गेलेला नसेल. इंग्रजी अक्षरे तिला केजीपासून येतात, त्यामुळे इयर टूमधली अडचण तुलनेने सोसण्यासारखी आहे. मुलाचे मात्र अगदी उलट आहे. २०२३ मध्ये जन्मलेली मुले सप्टेंबर २०२६ मध्ये फ्रेंच बालवाडीच्या पहिल्या वर्गात, पेतित सेक्सिओंमध्ये, प्रवेश घेतात, तिथे गाणी, चिकटकाम आणि रेघोट्या हाच अभ्यास असतो आणि त्याच्या वयाच्या सगळ्यांची सुरुवात एकदमच होते. इंग्लंडच्या रिसेप्शन वर्गात, म्हणजे पहिलीआधीच्या वर्षात, तो २०२७ पर्यंत जाणारही नाही. म्हणून मुलासाठी द्विभाषिक शाळेचा मार्ग मोकळा आहे, मुलीसाठी तो अटीवर आहे. शाळेने नवशिक्यांसाठी रोज वेगळा फ्रेंच तास, ठरलेला शिक्षक आणि पहिल्या वर्षी मूल्यमापनात सवलत अशी योजना लेखी दिली तरच तिला तिथे घालावे. नाहीतर तिने जवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत जावे आणि फ्रेंच आठवड्यातून दोनदा खेळीमेळीने शिकावे. सकाळी साडेआठला दोन मुलांना दोन दिशांना पोहोचवणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे, पण दोघांसाठी एकच दार हवे म्हणून मोठीला चुकीच्या वर्गात बसवू नये.

‘द्विभाषिक’ या पाटीखाली फार निरनिराळ्या व्यवस्था चालतात. काही शाळांत एकाच वर्गाला फ्रेंच आणि इंग्रजी असे दोन शिक्षक असतात आणि आठवडा निम्मा-निम्मा वाटलेला असतो, काहींत विषयवाटणी असते, तर काहींत सारा अभ्यास फ्रेंचमध्ये होऊन इंग्रजीला रोजचा एक तास मिळतो. दुसऱ्या आणि चौथ्या इयत्तेचे प्रत्यक्ष वेळापत्रक मागा आणि गणित कोणत्या भाषेत शिकवतात ते बोट ठेवून विचारा. दोन्ही भाषांत एकाच वर्षी वाचन सुरू करतात की एकामागून एक, आणि वर्गातील किती मुलांच्या घरी फ्रेंच बोलली जाते, हेही विचारा. घरी फ्रेंच बोलणारीच मुले भरलेली असतील तर शिक्षकाचा वेग त्यांच्या चालीने ठरतो.

शाळा पाहायला गेलात की भिंतीवरची चित्रे सोडून एखादी वही उघडायला मागा. फ्रेंच वही आपल्या चाररेघीहून दाट असते : दर दोन मिलिमीटरला आडवी रेघ, दर आठ मिलिमीटरला उभी, त्यात सहा वर्षांचे मूल अक्षरे एकमेकांना जोडून वळणदार लिहिते आणि प्रत्येक अक्षराने कितव्या रेघेपर्यंत चढायचे हे ठरलेले असते. गणितात साडेतीन लिहिताना टिंबाच्या जागी स्वल्पविराम येतो, आणि आपल्याकडे भाजक डावीकडे असतो तो फ्रेंच पद्धतीत उजवीकडे जातो. मुलगी उत्तर बरोबर काढूनही मांडणीत अडखळेल, तेव्हा घरी कोण समजावणार? पती-पत्नींपैकी कुणालाही फ्रेंच येत नसेल तर निदान एकाने आत्तापासून वर्ग लावावा, कारण शाळेच्या सूचना, गृहपाठाची वही आणि वर्गशिक्षकांच्या चिठ्ठ्या त्या भाषेत येणार.

पॅरिसचा विचार गंभीर असेल तर शाळेला फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची मान्यता आहे का हे पाहणे अपरिहार्य आहे. ही मान्यता शाळेला सरसकट नसते, इयत्तांच्या टप्प्यांनुसार मिळते, म्हणून तुमच्या मुलांच्या इयत्तांचे नाव घेऊन विचारा. मान्यताप्राप्त शाळेतील विद्यार्थी प्रवेशपरीक्षेशिवाय फ्रान्समधील किंवा जगातील अशा दुसऱ्या शाळेत जाऊ शकतो. लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनची १९१५ मध्ये स्थापन झालेली लिसे शार्ल द गोल, केंटिश टाउनला २०११ मध्ये सुरू झालेली कोलेज फ्रान्से बिलँग आणि वेम्बलीत २०१५ मध्ये सुरू झालेली लिसे इंतेर्नासिओनाल, ही ठळक नावे आहेत. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर गुजराती दुकानांच्या रांगा आहेत, त्यामुळे तुमच्या मुलांना तिथे बडोद्याची आठवण फारशी येणार नाही, हा एक छोटा फायदाच म्हणा. इंग्लंडमधल्या खासगी शाळांच्या तपासणीचे अहवाल सार्वजनिक असतात, ते शेवटच्या पानापर्यंत वाचा. यातले काहीच जमले नाही तरी घाबरू नका : फ्रेंच न येणाऱ्या नव्या मुलांसाठी फ्रान्सच्या सरकारी शाळांत मोफत आधारवर्ग असतात आणि काही सरकारी शाळांत थोडे शिक्षण परक्या भाषेतून देणारे आंतरराष्ट्रीय विभागही असतात.

पैशांबाबत थोडक्यात. १ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनमध्ये खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो, तेव्हा सांगितलेली रक्कम करासहित आहे की करावेगळी, हे विचारून घ्या. कंपनीने भरलेली फी तिथे सहसा करपात्र लाभ ठरते, म्हणून यजमानांनी हातात येणारा पगार मोजूनच होकार द्यावा. नोंदणी शुल्क, अनामत, बस आणि जेवण ही खाती वेगळी असतात. जेवणाचा विषय स्वतंत्रपणे काढा, कारण फ्रेंच शाळांत घरचा डबा आणायची रीत नसते आणि शाकाहारी ताटात अंडे असते की नाही, हे स्वयंपाकघरात विचारल्याखेरीज कळत नाही.

सरकारी शाळा निवडायची असेल तर घर भाड्याने घेण्याआधी शाळा पाहा. वर्षाच्या मध्ये प्रवेश स्थानिक कौन्सिलमार्फत मिळतो आणि तुमच्या पत्त्याचे अंतर मोजले जाते. तिथे इयर टूपर्यंत वर्गात ३० हून अधिक मुले घेण्यास कायद्याने मनाई आहे, त्यामुळे शेजारची शाळा भरलेली असणे शक्य आहे.

राहिली मराठी. मुलांना लवकर इंग्रजी यावी म्हणून घरात इंग्रजी सुरू करू नका. १९६५ मध्ये कॅनडातील क्वेबेक या फ्रेंचभाषी प्रांतातल्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजी घरांतील मुलांना पूर्ण फ्रेंचमध्ये शिकवण्याचा प्रयोग झाला आणि मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांच्या अभ्यासात मुलांची इंग्रजी उणी पडलेली दिसली नाही, पण त्या मुलांची घरची भाषा बाहेरही बलवान होती. तुमच्या घरची भाषा लंडनच्या रस्त्यावर कुणी बोलणार नाही, त्यामुळे तिची राखण घरातच करावी लागेल. सासूबाईंना यात मोठे काम आहे : रोज व्हिडिओवर गोष्ट सांगणे, आणि मुलीने देवनागरीत लिहिलेले पोस्टकार्ड बडोद्यात तपासून परत पाठवणे.

प्रश्न : आम्ही दांडिया बाजारातले. मुलगी आणि जावई माँट्रियलला वर्क परमिटवर गेले आहेत, नातू सहा वर्षांचा आहे. जावयांना इंग्रजी शाळा हवी आहे, पण तिथे म्हणे कायद्याने फ्रेंचच शिकावे लागते. खरे काय?
एक आजोबा

उत्तर : ऐकले ते बऱ्याच अंशी खरे आहे. माँट्रियल क्वेबेक प्रांतात येते आणि त्या प्रांताच्या १९७७ च्या फ्रेंच भाषा सनदेनुसार, ज्या मुलांच्या आईने किंवा वडिलांनी कॅनडात प्राथमिक शिक्षणाचा मोठा भाग इंग्रजीतून घेतलेला नाही, त्यांना सरकारी आणि सरकारी अनुदानित शाळांत फ्रेंचमधूनच शिकावे लागते. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्यांच्या मुलांना इंग्रजी शाळेची सवलत मिळू शकते, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती तीन वर्षांपुरतीच आहे आणि तिचे नूतनीकरण होत नाही. अनुदान न घेणाऱ्या खासगी इंग्रजी शाळांना हे बंधन नाही, परंतु त्यांची फी जड असते. जावयांचा कायम राहण्याचा बेत असेल तर तीन वर्षे इंग्रजीत शिकवून नऊ वर्षांच्या मुलाला अचानक फ्रेंचमध्ये ढकलण्यापेक्षा त्याला आत्ताच फ्रेंच सरकारी शाळेत घालावे, असे मला वाटते. नवागत मुलांसाठी तिथे क्लास दाक्योय नावाचे वर्ग असतात, ते विनामूल्य आहेत. इंग्रजी त्याला टीव्हीवरून, मित्रांकडून आणि घरच्या पुस्तकांतून येईलच. दोन-तीन वर्षांनी परतायचे असेल तर मात्र सवलतीचा अर्ज करणे शहाणपणाचे.

प्रश्न : आम्हाला परदेशी जायचे नाही, पण पुढे संधी मिळाली तर असावी म्हणून मुलाला सहावीत संस्कृतऐवजी फ्रेंच द्यावे का?
एक माता, रावपुरा

उत्तर : आवड असेल तर अवश्य द्यावे. मात्र आठवड्यातील तीन-चार तासांत तो बोलायला शिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. शाळेच्या गुणपत्रिकेपेक्षा डेल्फ ही फ्रेंच शासनाची परीक्षा अधिक ओळखली जाते, तिच्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही आणि लहान मुलांसाठी तिचा वेगळा प्रकार आहे. भाषेच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्या मानतात; सहावीत सुरुवात करून दहावीपर्यंत त्यातली दुसरी, ए-टू, गाठली तरी पुरे. फ्रान्सच्या विद्यापीठात फ्रेंचमधून शिकायचे झाल्यास सहसा चौथी पातळी, बी-टू, लागते आणि त्यासाठी बारावीनंतरही वेळ असतो.