परस्पर संमतीने घटस्फोट घेताना पैशाचे व्यवहार कोणत्या क्रमाने करावेत?

तुम्ही लिहिले आहे की तुम्हा दोघांचे वेगळे होण्याचे ठरले आहे, भांडण नाही, 11 आणि 6 वर्षांची दोन मुले आहेत, गोरेगावचा फ्लॅट दोघांच्या नावावर असून त्यावर कर्ज आहे, आणि सगळे लवकर व कमी खर्चात उरकायचे आहे. चार वर्षांपूर्वी मी याच वाटेने गेले आहे. शिवाय एका बँकेच्या गृहकर्ज विभागात नोकरी करत असल्यामुळे अशी बरीच जोडपी माझ्या टेबलासमोर बसलेली मी पाहिली आहेत. भांडून वेगळी झालेली जोडपी निदान प्रत्येक ओळ वकिलाकडून तपासून घेतात. समजुतीने वेगळी होणारी मात्र ‘आमचे आम्ही बघून घेऊ’ या भरवशावर अर्ध्या गोष्टी कागदावर आणतच नाहीत, आणि दोन वर्षांनी कोणाची तरी नोकरी जाते किंवा कोणाचे तरी दुसरे लग्न ठरते तेव्हा तो भरवसा अपुरा पडतो.

आधी मुदतीचे सांगते, कारण पैशाचा क्रम तिच्यावर अवलंबून आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब प्रमाणे संयुक्त अर्ज करण्यापूर्वी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झाले असेल तर कलम 28 मध्ये अशीच तरतूद आहे. वेगळे राहणे म्हणजे वेगळ्या छपराखाली राहणे असे नव्हे, पती-पत्नी म्हणून न राहणे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच स्पष्ट केले आहे. मुंबईत दुसऱ्या घराचे भाडे आणि अनामत रक्कम किती होते हे पाहता ही सोय लहान नाही. अर्ज दाखल झाल्यावर पहिली मोशन, म्हणजे दोघांची संमती न्यायालयात नोंदवण्याची सुनावणी, आणि त्यानंतर सहा ते अठरा महिन्यांच्या आत दुसरी. या सहा महिन्यांची अट न्यायालय शिथिल करू शकते, असा निकाल अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या 2017 च्या खटल्यात झाला. मात्र त्यासाठी अर्जापूर्वीच दीड वर्षाचे वेगळेपण, समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरलेले असणे, आणि पोटगी, मुलांचा ताबा व बाकीच्या बाबी खऱ्या अर्थाने मिटलेल्या असणे आवश्यक धरले आहे. म्हणजे तुम्हाला घाई असेल तर हिशोब आधी पक्का करणे हाच जवळचा रस्ता आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील कुटुंब न्यायालयात आम्हाला समुपदेशकांनीही सर्वांत जास्त प्रश्न मुलांच्या खर्चाविषयीच विचारले होते.

आता घर. एक गोष्ट मनावर कोरून ठेवा: डिक्री, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा अंतिम हुकूम, होईपर्यंत तुम्ही कायद्याने नातेवाईक आहात, डिक्री झाल्यावर नाही. महाराष्ट्रात निवासी घराचे किंवा त्यातील हिश्श्याचे बक्षीसपत्र पती किंवा पत्नीच्या नावे केले तर मुद्रांक शुल्क 200 रुपये लागते. अधिभारासह नेमका खर्च दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा. प्राप्तिकराच्या दृष्टीनेही जोडीदाराकडून मिळालेली भेट करमुक्त असते. हेच हस्तांतरण डिक्रीनंतर केले तर समोरची व्यक्ती कायद्याला परकी असते आणि दोन्ही सवलतींचा आधार निघून जातो. संमतीच्या अटींत, म्हणजे दोघांनी सही करून न्यायालयात द्यायच्या समझोत्याच्या कागदात, ‘फ्लॅट पत्नीला राहील’ एवढे वाक्य लिहून स्वस्थ बसणारे अनेक जण मी पाहिले आहेत. सोसायटीच्या भागप्रमाणपत्रावर नाव बदलायला गेल्यावर त्यांना नोंदणीकृत दस्त मागितला जातो, आणि तेव्हा माजी जोडीदार दुबईला गेलेला असतो. आम्ही दुसऱ्या मोशनच्या आठवडाभर आधी बक्षीसपत्र नोंदवले, कारण फार आधी नोंदवले तर देणाऱ्याला धोका असतो. डिक्री होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो, आणि त्याने घर तर देऊन टाकलेले असते. तुम्ही हिश्श्याबद्दल एकमेकांना पैसे देणार असाल, तर मात्र ते बक्षीस राहत नाही, तो खरेदीव्यवहार होतो आणि त्यावर बाजारमूल्याप्रमाणे पूर्ण मुद्रांक शुल्क येते. हे गणित अर्ज लिहिण्यापूर्वी सनदी लेखापालाकडून करून घ्या. एका बैठकीची फी त्यामानाने किरकोळ असते.

कर्जाच्या बाबतीत मी माझ्या टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बोलू शकते. तुमच्या डिक्रीत काय ठरले याच्याशी बँकेला कर्तव्य नसते, कारण बँक त्या खटल्यात पक्षकार नव्हती. करारावर दोघांच्या सह्या आहेत तोवर संपूर्ण कर्जाला दोघेही जबाबदार आहेत, आणि हप्ता चुकला तर पतनोंद (कर्जफेडीचा इतिहास) दोघांची बिघडते, मग डिक्रीत कोणाच्याही नावावर हप्ता लिहिलेला असो. म्हणून घर ज्याच्याकडे राहणार त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसते का, हे पहिल्या मोशनच्या आधी बँकेत जाऊन तपासा. बसत असेल तर सहकर्जदाराचे नाव कमी करण्याचा अर्ज द्या. तारण असलेल्या घराच्या बक्षीसपत्रालाही बँकेची लेखी संमती लागते. माझ्या पगारात ते बसत नव्हते. मी दागिन्यांतील काही भाग मोडून मुद्दल कमी केली, आणि तरीही मंजुरीला पाच आठवडे गेले. ते बसवणे शक्यच नसेल, तर घर विकून कर्ज फेडणे हा निर्णय कितीही जिवावर आला तरी आताच घ्यावा.

मुलांच्या खर्चावर सर्वांत जास्त वेळ द्या. एकच आकडा लिहून मोकळे होण्याची चूक आम्हीही पहिल्या मसुद्यात केली होती. दरमहा 25,000 रुपये आज पुरेसे वाटतात, पण त्यांत दरवर्षी 8 टक्के वाढ लिहिली तर दहा वर्षांनी ती रक्कम जवळपास 54,000 होते; वाढ लिहिली नाही तर 25,000 तेवढेच राहतात आणि शाळेची फी थांबत नाही. शाळेची फी थेट शाळेत कोण भरणार, स्कूल बस कोणाची, चष्मा, दातांच्या तारा, दहावीचा क्लास असे अवचित येणारे खर्च कोणत्या प्रमाणात वाटायचे, आणि किती रुपयांच्या वर आधी विचारायचे, हे सर्व लिहा. कायद्याने पालनपोषणाचा हक्क प्रामुख्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलांचा आहे. अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च चालवू शकत नसेल तर तिला तो पुढेही मिळतो, पण मुलगा अठरा वर्षांचा झाला की बारावीनंतरच्या खर्चावर प्रश्नचिन्ह येते. त्यामुळे दोन्ही मुलांसाठी ‘पदवी पूर्ण होईपर्यंत’ असे शब्द घाला. आणि तुमच्यापैकी कोणी मोठ्या मनाने ‘मुलांसाठी काहीही नको’ असे लिहून देत असेल तर ते लिहू नका. तो हक्क मुलांचा आहे, आईबापांना तो सोडून देता येत नाही.

मुलांच्या नावावर ठेवी असतील तर व्याज कोणाच्या उत्पन्नात धरायचे हेही ठरवा. विवाह टिकून असताना ते जास्त उत्पन्न असलेल्या पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते, घटस्फोटानंतर त्या वर्षी मुलाचा सांभाळ करणाऱ्याच्या.

हे पैसे देणारी व्यक्तीच उद्या राहिली नाही तर काय, हा प्रश्न विचारायला अवघड जातो, तरी विचारा. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा 1874 चा कायदा आहे. त्याखाली मुलांना लाभार्थी ठेवून मुदत विमा घेतला, तर त्या रकमेवर वडिलांच्या धनकोंचा (त्यांना कर्ज देणाऱ्यांचा) हक्क चालत नाही आणि वडिलांनाही पुढे लाभार्थी बदलता येत नाहीत. ही नोंद पॉलिसी घेतानाच करावी लागते. असा विमा चालू ठेवण्याची अट आम्ही मसुद्यात घातली, आणि तो हप्ता आजही वेळेवर भरला जातो.

पत्नीची पोटगी ठरत असेल तर एकरकमी की दरमहा, यात करामुळे फरक पडतो. एकरकमी रक्कम भांडवली मानली जाते व तिच्यावर कर येत नाही, तर दरमहा मिळणारी रक्कम घेणाऱ्याच्या करपात्र उत्पन्नात येते. देणाऱ्याला दोन्हीकडे वजावट नाही. एकरकमी रक्कम दोन टप्प्यांत, पहिल्या आणि दुसऱ्या मोशनला, डिमांड ड्राफ्टने देण्याची पद्धत आहे आणि ती दोन्ही बाजूंना सुरक्षित आहे. स्त्रीधनाची यादी करून ते परत मिळाल्याची पोच घ्या. त्यावर वाटाघाट नसते, ते तिचेच असते.

वकील एकच केला तर खर्च वाचतो. आम्हीही तसेच केले, परंतु अंतिम मसुदा मी दुसऱ्या एका वकिलाला तासाभराची फी देऊन वाचायला दिला, आणि वाढीचे कलम त्यांनीच सुचवले.

डिक्रीनंतरची कामे कंटाळवाणी आहेत. भविष्य निर्वाह निधी, विमा, म्युच्युअल फंड आणि सोसायटी यांतील नामनिर्देशन बदलायचे, संयुक्त लॉकर बंद करायचा, कुटुंबाच्या आरोग्य विम्यातून वेगळे होताना प्रतीक्षा काळाचा (जुन्या आजारांना विमा लागू होण्याआधी थांबावे लागते त्या मुदतीचा) लाभ पुढे चालू राहील अशी लेखी मागणी करायची. नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात जोडीदार असेल तर त्याला स्वतःची पॉलिसी डिक्रीच्या आधीच घेऊ द्या, मध्ये एक दिवसही उघडा राहता कामा नये. या कामांत जागोजागी डिक्रीची प्रमाणित प्रत मागतात, म्हणून पाच-सहा प्रती एकदमच काढा. मी दोनच काढल्या होत्या आणि तिसऱ्या प्रतीसाठी अर्धी रजा घालवून पुन्हा वांद्र्याला जावे लागले.